अर्धं दाबलेलं बटण

१ जानेवारी २०२६, गुरुवार. सकाळी ७.

खताच्या दुकानदाराने डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी पिकावरच्या एकेका रोगाचा फोटो आहे. आज तांबेरा. वर मी लिहिणार.

संकल्प तीन. रोज डायरी लिहिणे. रोज फॅक्टरीच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊन परत येणे. टच फोन न घेणे, मुलाने, ओंकारने, कितीही आग्रह केला तरी.

तिसरा सर्वांत सोपा. तो पूर्ण झाला असं धरायला आजच हरकत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार.

थंडी फार. चालायला गेलो नाही.

तिसरा संकल्प का केला, ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे वाद मिटेल. (घरात वाद घालायला सध्या कोणी नाही. विजयमाला पुण्याला, ओंकारकडे. सुनेच्या बाळंतपणाला सव्वा महिन्यासाठी गेली आहे. नात आता चौदा महिन्यांची झाली. मध्ये दिवाळीला विजयमाला तिला घेऊन चार दिवस येऊन गेली. आता कायमची यायचं ती बघतेच आहे.)

तर बटण. कारखान्याच्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं काढली. उसाची गाडी काट्यावर आली, की आकडा नाचतो. तो स्थिर झाला की बटण दाबायचं, पावती छापून बाहेर. बटण चांगलं लोखंडी होतं. अंगठा ठेवला की ते आधी थोडं आत जायचं, थांबायचं, जणू विचारायचं, नक्की ना? मग कट्. गाडी हलली असं वाटलं तर तेवढ्यात अंगठा उचलायचा. काहीही छापलं जायचं नाही. एकतीस वर्षांत माझी एकही पावती चुकली नाही.

अर्धं दाबलेलं बटण सोडता येतं. टचला अर्धं नसतंच. लागलं की गेलं.

हे कुठेतरी छापून यायला हवं.

५ जानेवारी, सोमवार.

सकाळी ११.२० ला विजयमालाचा मिस्ड कॉल. एक. म्हणजे ठीक आहे.

ही आमची पद्धत २००६ सालापासूनची. एक मिस्ड कॉल: ठीक आहे. लागोपाठ दोन: फोन करा. लागोपाठ तीन: बसमध्ये बसले, स्टॉपवर घ्यायला या. ती कोपरगावला माहेरी जायची तेव्हा मीच ठरवून दिलं होतं. कधी चूक झाली नाही. लोक फोनवर तासतास काय बोलतात मला कळत नाही.

पूर्वी तिचा रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला यायचा. हल्ली वेळ बदलते. काल दुपारी सव्वातीन, परवा सकाळी साडेनऊ. नातीमागे धावपळ असणार. तरी विसरत नाही. बत्तीस वर्षांचा संसार आहे.

७ जानेवारी, बुधवार.

शेजारच्या लंकाबाई शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या. बसल्या.

"भाऊजी, मालाताईचा फोन येतो ना?"

म्हटलं, रोज.

"काय म्हन्ती?"

ठीक आहे म्हणते.

"आन् अजून?"

अजून काय असतं? लंकाबाई हसल्या. "माझ्यासंगं तर परवा पाऊन तास बोलली. नवा चश्मा घेतलाय. केसबी कापलेत जरा. सोसायटीतल्या बायांबरोबर सांजच्याला फिरायला जाती. लई खूश हाय."

मला हे माहीत होतं. म्हणजे तसा अंदाज होता.

शेंगांची आमटी केली. मीठ जास्त झालं.

९ जानेवारी, शुक्रवार.

नुसत्या विचाराने काही होत नाही. संघटन हवं. 'बटण समर्थक मंडळ' स्थापन करायचं ठरवलं. आपल्या देवळाली प्रवरात साठीच्या पुढची निदान दोन हजार माणसं असतील. प्रत्येकाला टचचा त्रास. रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या पारावर पहिली सभा. सूचना स्वतःच्या हाताने लिहून फळ्यावर लावली. पन्नास माणसं धरून चाललो आहे. चहा पंचवीस जणांचा सांगितला, निम्मे लोक घेत नाहीत.

११ जानेवारी, रविवार.

सभा झाली. उपस्थिती: मी आणि गहिनीनाथ.

गहिनीनाथ माझ्याबरोबर काट्यावर होता. त्याला वाटलं सभा पाणीपुरवठ्याची आहे. बटणाची आहे म्हटल्यावर खिशातून टच फोन काढून त्याने वेळ बघितली.

मी विचारलं, गहिनी, तू कुठल्या बाजूचा?

"मी? चहा ज्या बाजूला हाय त्या बाजूचा."

तीन कप प्यायला. जाताना म्हणाला, "काकासाहेब, तुझं भांडान फोनशी हाय का दुसऱ्या कोनाशी?"

त्याला मुद्दा समजलेला नाही. एकूण सभा छोटी पण विचारांची देवाणघेवाण चांगली झाली. उरलेला चहा थर्मासात घरी आणला. संध्याकाळपर्यंत पुरला.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत. सकाळी ८.५०.

घाईत लिहितो. ८.४० ला विजयमालाचा मिस्ड कॉल. लगेच दुसरा. लगेच तिसरा.

तीन!

संक्रांतीलाच येते आहे, न सांगता. तिचा स्वभावच तसा. पुण्याहून निघाली असेल तर एकपर्यंत पोचेल. दाढी करायची. ओट्यावरची भांडी. अंथरुणं झाडायची. तिळगूळ आणायचा.

तोच दिवस, संध्याकाळी ६.

साडेबाराला स्टॉपवर गेलो. स्कूटर धुऊन नेली होती. पुण्याच्या चार गाड्या आल्या. एक कोपरगाव, दोन शिर्डी, एक श्रीरामपूर. चौथ्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं, मागे अजून एखादी बाई झोपलेली नाही ना? तो म्हणाला, "बाबा, चढून बगा."

चढून बघितलं.

साडेचारला फोन लावला. दोनाचं बटण दाबून धरलं की विजयमालाला लागतो, तशी सोय करून ठेवलेली आहे. तिने उचलला. मागे गाणं चालू होतं, आणि बायकांची गलबल. हळदीकुंकू होतं.

ती म्हणाली, "मी कशाला तीन देऊ? संस्कृतीनं दाबलं आसंल. तिला गानी लावून फोन हातात देतो आमी. ती बोटं फिरवीत बसती."

मी म्हटलं, मग रोजचे?

"कुठले रोजचे?"

मी सांगितलं. साडेनऊचा, सव्वातीनचा.

"अवो, मी दिवाळीपासून एकबी दिला न्हाई. दिल्यावर तुमी उलटा देतच नव्हतात." मग हसून म्हणाली, "आन् मी येनार हाय आसं कसं वाटलं तुमाला? तुमी ये म्हनलात का कधी?"

मी तिला बटण आणि टच यांतला मूलभूत फरक समजावून सांगितला. हळदीकुंकवाच्या बायका थांबल्या होत्या म्हणून तिने फोन ठेवला.

तिळगूळ लंकाबाईंना दिला.

१५ जानेवारी, गुरुवार.

शांतपणे विचार केला. कालचा दिवस वाया गेलेला नाही. उलट इतका धडधडीत पुरावा मला शोधूनही सापडला नसता. एक चौदा महिन्यांचं पोर पुण्यात काचेवर बोट फिरवतं आणि इकडे साठ वर्षांचा माणूस दाढी करतो! खरं बटण असतं तर तिच्या बोटाने ते आत तरी गेलं असतं का?

संपादकांना पत्र लिहायला घेतलं. 'महोदय' झालं आहे.

दिवाळीपासून एकही दिला नाही हे तिचं चुकीचं असणार. माणूस एखादवेळी देतो आणि विसरतो.

१८ जानेवारी, रविवार.

आज चार मिस्ड कॉल. पाठोपाठ नाहीत. एक सकाळी, दोन दुपारी, एक आत्ता.

चारचा अर्थ ठरलेला नाही. बराच विचार करून मी उलट एक दिला. ठीक आहे म्हणून कळवलं.

२२ जानेवारी, गुरुवार.

संस्कृतीचे आज सहा. मीही सहा दिले. उत्तर लगेच दिलं की तिला सवय लागेल. पोरीला शिस्त आहे. दुपारी एक ते तीन फोन नसतो, तेव्हा झोपते. मीही तेव्हाच झोपायचं ठरवलं आहे.

चालायला जाणं तूर्त बंद. फोन आला आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू आला नाही तर काय? गाळप ऐन भरात आहे, दिवसभर उसाच्या गाड्या.

२७ जानेवारी, मंगळवार.

तीन दिवस एकही नाही. रेंज तपासली. फोन बंद करून चालू केला. लंकाबाईंना माझ्या फोनवर रिंग द्यायला सांगितलं. वाजतो.

संध्याकाळी ओंकारला फोन. संस्कृती बरी आहे ना? तो म्हणाला, "एकदम मस्त, नाना. फक्त डॉक्टर म्हणाले दोन वर्षांपर्यंत मोबाईल द्यायचा नाही. म्हणून आईच्या फोनला लॉक टाकला. तुम्हाला उगाच त्रास होत होता ना, दिवसभर कॉल जायचे."

म्हटलं, हो, फार त्रास होत होता.

"बरं झालं मग."

बरंच झालं.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

फोनचं दोनाचं बटण चालेना. बिघडलं असं मी म्हणणार नाही. थकलं आहे.

श्रीरामपूरला ज्योतीच्या दुकानात गेलो. मोबाईल दुरुस्तीचं दुकान ती एकटी चालवते. पस्तिशीची असेल. कपाळावर दिवा बांधून काम करते, दाताच्या डॉक्टरसारखा. तिने फोन उघडला, आतलं रबर उचलून मला दाखवलं.

"काका, हे बघा. बाकीची सगळी बटनं कोरी हायेत. नुसता दोन झिजलाय. पार आरपार. दिवसाला किती फोन करता?"

म्हटलं, फोन नाही करत.

"मग?"

दोन दाबून धरलं की लागतो. मी धरत नाही. दाबतो, आणि लागायच्या आत सोडतो. एवढंच. दिवसातून काही वेळा. तिला काट्यावरचं सगळं समजावून सांगायला वेळ नव्हता, गिऱ्हाइकं उभी होती.

ह्या मॉडेलचं रबर आता येत नाही म्हणाली. विचार करून सांगतो म्हटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

टच फोन घेतला.

संकल्प मोडलेला नाही. शत्रूची माहिती आतून काढायची तर असं करावं लागतं. आठ दिवसांत पूर्ण शिकून नववा दिवस पत्रासाठी. 'महोदय'च्या पुढचं मग सोपं आहे.

ज्योतीने दुकानातच शिकवायला घेतलं. माझा अंगठा त्याला लागेना. रेशनच्या मशीनलाही लागत नाही. अंगठ्याच्या रेषा गेलेल्या आहेत, काट्यावरच ठेवून आलो असेन. मी जोर लावला. सगळी चित्रं थरथरायला लागली.

"काका, दाबू नका. नुसतं टेकवा."

टेकवलं.

"हे दाबनं झालं. आसं बघा, बाळाच्या गालावर बोट ठिवतो ना, तसं."

संस्कृतीला मी एकदाच जवळून पाहिलं आहे, दिवाळीला. झोपली होती. उठेल म्हणून हात लावला नव्हता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

दिवसभराची प्रगती: छताचे एकेचाळीस फोटो. बॅटरीचा दिवा चालू झाला तो चार तास बंद होईना, शेवटी फोन उशीखाली ठेवला. ओंकारला चुकून आठ वेळा फोन गेला. तो मीटिंगमध्ये होता.

एकंदरीत हात बसतो आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार. रात्री ९.

शोध! ह्या फोनच्या कडेला दोन खरी बटणं आहेत. खरीखुरी. आत जातात, कट् होतात. म्हणजे बटणाशिवाय कंपनीचंही चालत नाही. फार बरं वाटलं. अंगणात बसून खालचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होतो. कट् कट् कट्. जुनं माणूस भेटल्यासारखं.

आणि फोन बोंबलायला लागला. सायरन. अख्खी गल्ली दणाणली. काचेवर पाच, चार, तीन असे आकडे. पाच वेळा दाबलं की पोलिसांच्या मदतीच्या नंबरला फोन जातो म्हणे. हे कुणी सांगितलं होतं?

लंकाबाई हातात लाटणं घेऊन आल्या. मागे त्यांची सून. रस्त्याने जाणारा गहिनीनाथ सायकल टाकून आत. "काकासाहेब, छातीत दुखतंय का?"

तिकडून फोनवर एक बाई विचारत होती, काय अडचण आहे. मी म्हटलं, काही नाही, बटण दाबून बघत होतो. तिने विचारलं, काका, घरात एकटेच आहात का?

मी आजूबाजूला बघितलं. म्हटलं, नाही, आत्ता चौघे आहोत.

सगळ्यांना चहा केला. लंकाबाईंच्या सुनेने पोहे केले. गहिनीनाथने काट्यावरचे जुने किस्से सांगितले, दोन खोटे होते. गेले तेव्हा आठ वाजले होते.

संध्याकाळ बरी गेली. ते बटण आता दाबायचं नाही. निदान रोज नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

सूनबाईने, म्हणजे स्नेहलने, मला व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर घेतलं. 'आपलं घर' नाव आहे. त्यात तिघे, मी चौथा. ग्रुप वर्षभरापूर्वीचा आहे, पण आधीचं काही दिसत नाही. नवीन आलेल्याला मागचं दिसत नाही असं ज्योतीने सांगितलं. तसं ते बरोबरच आहे.

फोटो आले. विजयमालाचे केस खरंच कापलेले. चष्मा गोल. बरी दिसते. तिने आवाजात लिहिलं, म्हणजे बोलून पाठवलं, "आले का तुमी? लिव्हा की कायतरी."

अंगठ्याने लिहायचा प्रयत्न केला. 'हगगगगग' असं गेलं. स्नेहलने हसरे चेहरे टाकले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

मराठी अक्षरांचा सराव रोज अर्धा तास. आधी डायरीत कुठलं अक्षर काचेवर कुठे आहे त्याचा नकाशा काढला. ग्रुपवर मात्र मी काही टाकत नाही. पूर्ण तयारी झाल्यावरच. काट्यावर नवीन माणसाला आम्ही तीन महिने बटणाला हात लावू देत नव्हतो.

८ मार्च, रविवार. सकाळी १०.१५.

विजयमालाचा मेसेज. ग्रुपवर नाही. फक्त मला. जसाच्या तसा उतरवतो:

'पाडवा या वर्षी इकडंच केला तर चालेल ना. संस्कृतीचा पहिला आहे चालती झाल्यापासून. तुम्ही सांगा.'

अकरा वेळा वाचला. तिने विचारलं आहे. म्हणजे माझ्यावर सोडलं आहे. 'तुम्ही सांगा.'

उत्तर तयार आहे. एकच अक्षर. ये. 'य' खालच्या ओळीत, मात्रा डावीकडे. डायरीत दहा वेळा लिहून बघितलं. ये ये ये ये ये ये ये ये ये ये.

दुपारी १२.

असं झालं. आधी तिचा मेसेज पक्का समोर राहावा म्हणून त्यावर अंगठा ठेवला. थरथरू नये म्हणून जरा दाबून धरला. तर वर एक पट्टी उगवली, त्यात छोटे चेहरे, बदाम, आणि सगळ्यात आधी एक पिवळा अंगठा. मी घाबरून हात काढायला गेलो, तो त्यालाच लागला.

तिच्या मेसेजला अंगठा चिकटला. चालेल म्हणून.

अर्ध्या मिनिटात तिचं उत्तर. 'बरं.'

बघा. मी दोन जानेवारीलाच लिहून ठेवलं होतं. टचला अर्धं नसतं.

९ मार्च, सोमवार.

खास श्रीरामपूरला गेलो. ज्योतीला अंगठा दाखवला. ती म्हणाली, "परत त्याच्यावर टेकवा, निघून जातो. हे बघा, काढू?"

म्हटलं, थांब.

"का? आन् नाहीतर सरळ फोन लावा की काकूंना. म्हणा, चुकून लागला. ये. एवढंच तर हाय."

म्हटलं, करतो, सवडीने. दिलेला अंगठा असा परत घेणं बरं दिसत नाही. शिवाय गरज नाही. बत्तीस वर्षांत मी तिला असं चित्र कधी पाठवलेलं नाही. ती लगेच ओळखेल, ह्यांच्या हातून चुकून गेलं. 'बरं' हे तिने गंमतीने लिहिलं आहे. ती येणार.

ज्योती कपाळावरचा दिवा लावून कामाला लागली.

१२ मार्च, गुरुवार.

फोन करणार होतो. दुपारी संस्कृती झोपते. संध्याकाळी विजयमाला बायकांबरोबर फिरायला जाते. सकाळी स्वयंपाक. योग्य वेळ सापडत नाही.

१५ मार्च, रविवार.

घर झाडून घेतलं. पंखे पुसले. रेशनच्या डब्यांना ऊन दाखवलं. लंकाबाई म्हणाल्या, "मालाताई येनार हाय व्हय? मला तर म्हनली न्हाई येत." म्हटलं, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही.

"मला न्हाई माहीत? भाऊजी, तुमी एक फोन करा. तुमचा हात काय झिजनार हाय का?"

उद्या.

१८ मार्च, बुधवार.

उद्या पाडवा. आता फोन करण्यात अर्थ नाही, निघायच्या गडबडीत असेल.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा. दुपारी २.

गुढी मीच उभारायला घेतली. काठी धुतली, तांब्या घासला, कडुनिंबाचा डहाळा तोडून आणला, साखरेची गाठी आणली. साडी हवी म्हणून तिचं कपाट उघडलं.

साड्या नाहीत. म्हणजे दोन आहेत, जुन्या, घडी मोडलेल्या. बाकी खण रिकामा. जांभळी, हिरव्या काठाची, लग्नातली, ओंकारच्या मुंजीवेळची, एकही नाही. दिवाळीला जाताना तिच्याकडे दोन मोठ्या बॅगा होत्या. मीच उचलून बसमध्ये ठेवल्या होत्या. जड लागल्या होत्या. काय आहे विचारलं नव्हतं. तिला त्या वेळी मी टच फोनचे तोटे सांगत होतो.

निवृत्तीच्या सत्काराची शाल होती, ती गुढीला बांधली.

अकरा वाजता तिचा व्हिडिओ कॉल आला. पहिल्याच झटक्यात उचलता आला. तिकडे गॅलरीत गुढी, जांभळी साडी लावलेली. संस्कृती दोन पावलं टाकून बसली. पुन्हा दोन पावलं. मी बघितलं.

विजयमाला म्हणाली, "गुढीला शाल का वो?"

म्हटलं, नवीन पद्धत आहे.

तिने फोन जवळ घेतला. मग म्हणाली, "कपाट उघडलं होतं का?"

म्हटलं, नाही.

गोल चष्म्यातून बघत होती. "त्या दिवशी अंगठा लगेच आला तुमचा. मला वाटलं व्हतं, फोन तरी कराल." मी काचेला सांभाळून धरलं होतं, कुठे काही लागू नये म्हणून. "कायतरी म्हनायचंय का तुमाला?"

संस्कृती तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. मागे स्नेहलने हाक मारली, पानं वाढली आहेत म्हणून. विजयमाला हलली नाही. थांबली होती. आकडा स्थिर होता.

म्हटलं, काही नाही. आवाज नीट येतोय का बघत होतो.

"येतोय का?"

अगदी स्पष्ट.

"बरं. जेवून घ्या."

२४ मार्च, मंगळवार.

फोनबद्दल माझं मत काही अंशी बदललं आहे. बॅटरी फार चांगली आहे. शुक्रवारी सकाळी भरली होती, आज पाचव्या दिवशीही अठ्ठावीस टक्के. ज्योतीला मुद्दाम नेऊन दाखवली. तिने फोन उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, "काका, एवढी बॅटरी कुनाचीच टिकत न्हाई."

म्हटलं, वापरायची पद्धत असते.